फिरत्या अतिशीत वायूतले भोवरे संगणकावर: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

जानेवारी लागला की एमएस्सीच्या प्रकल्पांची धावपळ सुरू होते आणि कलिना, पवई, पार्ले, ठाणे, सगळीकडून मला त्याच दोन तक्रारी येतात. "मॅडम, फिरण्याचा वेग, ओमेगा, ०.८ ठेवला, रात्रभर चालवलं, पण भोवरा एकही नाही." दुसरी नेमकी उलटी: "मॅडम, तीनशे भोवरे मोजले." दोन्ही विद्यार्थ्यांचा प्रोग्राम विनातक्रार चालतो, चित्र निघतं, ऊर्जा खाली येते. तरी उत्तर चूक असतं. पायऱ्यांचा क्रम उलटा झालेला असतो. ज्याचं उत्तर आधीपासून ठाऊक आहे असं गणित सोडवून न बघता थेट फिरत्या वायूला हात घातलेला असतो.

हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आहे ज्यांना श्रोडिंगर समीकरण येतं, पायथॉन आणि नमपाय थोडंफार येतं, आणि ज्यांच्याकडे साधा लॅपटॉप आहे. आपण सोडवणार आहोत ते ग्रॉस-पिटायेव्हस्की समीकरण, म्हणजे अतिशीत वायूतल्या सगळ्या अणूंना मिळून एकच तरंगफल मानणारं, श्रोडिंगरसारखंच समीकरण: दोन मिती, गोल हार्मोनिक सापळा (अणूंना मध्याकडे ओढून ठेवणारं विभव), फिरती चौकट (ओमेगा वेगाने फिरणारे अक्ष). लॅमिंग्टन रोडवरून ग्राफिक्स कार्ड आणायची गरज नाही. एक वही मात्र लागेल, आणि सुरुवात तिच्यातूनच करायची आहे.

## टप्पा १: लॅपटॉप उघडण्याआधी वहीत सहा आकडे

सगळं गणित सापळ्याच्या एककांत करा. सापळ्याची कोनीय वारंवारता म्हणजे १, ऊर्जेचं एकक त्या वारंवारतेएवढा एक क्वांटम, आणि लांबीचं एकक ऑसिलेटर लांबी. रुबिडियम-८७ साठी ५० हर्ट्झचा सापळा घेतला तर लांबीचं एकक सुमारे १.५ मायक्रोमीटर आणि काळाचं एकक सुमारे ३.२ मिलिसेकंद येतं. फिरण्याचा वेग ओमेगा हा सापळ्याच्या वारंवारतेच्या पटीत, म्हणजे ० ते १ च्या मध्ये.

या लेखात सगळीकडे एकच उदाहरण वापरते: अणूंमधल्या आंतरक्रियेचा गुणांक जी = ५००, आणि तरंगफलाचं नॉर्म (घनतेची एकूण बेरीज) १. हा आकडा कुठून आला? उभ्या दिशेचा सापळा २००० हर्ट्झचा घेतला आणि रुबिडियमची विकिरण लांबी (स्कॅटरिंग लेंग्थ, दोन अणूंच्या टकरीची ताकद सांगणारी) सुमारे ५.३ नॅनोमीटर धरली, तर द्विमितीय गुणांक दर अणूमागे साधारण ०.११ येतो. म्हणजे ५०० साठी सुमारे ४५०० अणू.

सावध: अणूंची संख्या जी मध्ये घातली असेल तर नॉर्म १ च ठेवा. नॉर्मही ४५०० आणि जी सुद्धा ५०० ठेवलेले प्रोग्राम मी पाहिले आहेत. त्यात आंतरक्रिया ४५०० पटीने वाढते, वायूचा ढग गणिताच्या चौकटीच्या भिंतींना जाऊन भिडतो, आणि दोष मात्र ग्रिडला दिला जातो.

आता वहीत हे आकडे काढा.

एक, रासायनिक विभव. थॉमस-फर्मी अंदाजात (गतिज ऊर्जा सोडून दिली की मिळतो तो) ते जी भागिले पाय यांचं वर्गमूळ: १२.६. उभ्या दिशेचा क्वांटम आपल्या एककांत ४० आहे, म्हणजे १२.६ त्याच्या बराच खाली आहे आणि दोन मितींचं गणित चालेल. हीच तुलना उलटी आली तर द्विमितीय समीकरण वापरण्याचा हक्कच उरत नाही.

दोन, ढगाची त्रिज्या: दुप्पट विभवाचं वर्गमूळ, ५.०.

तीन, हीलिंग लेंग्थ, म्हणजे भोवऱ्याच्या गाभ्यापासून घनता पूर्ववत व्हायला लागणारं अंतर. ती या त्रिज्येचा व्यस्त: ०.२०.

चार, फिरताना फुगलेली त्रिज्या. केंद्रोत्सारी परिणामामुळे सापळा सैल होतो आणि त्रिज्या (१ − ओमेगाचा वर्ग) याच्या चौथ्या मुळाने भागली जाते. ओमेगा ०.५ ला ५.४, ०.८ ला ६.५, ०.९ ला ७.६, ०.९५ ला ९.०.

पाच, पहिला भोवरा फायद्याचा ठरतो तो वेग. द्विमितीय थॉमस-फर्मी ढगासाठी तो २ भागिले त्रिज्येचा वर्ग, गुणिले (०.८८८ × त्रिज्या ÷ हीलिंग लेंग्थ) याचा नैसर्गिक लॉगरिथम. आपल्या उदाहरणात ०.२५ च्या आसपास.

सहा, भोवऱ्यांची अपेक्षित संख्या. फाइनमनच्या नियमाने ती ओमेगा × त्रिज्येचा वर्ग: ०.५ ला सुमारे १५, ०.८ ला ३४, ०.९ ला ५२. हा वरचा अंदाज आहे. काठाजवळ भोवरे विरळ असतात, त्यामुळे खरी संख्या यापेक्षा कमी यायला हवी.

तपासा: अणू भागिले भोवरे. ४५०० भागिले ५० म्हणजे ९०, हे ठीक आहे. हे गुणोत्तर दहाच्या आसपास उतरलं तर सरासरी क्षेत्राचं हे समीकरणच लंगडं पडतं, मग प्रोग्राम कितीही बिनचूक असो.

## टप्पा २: ग्रिड

चौकट, म्हणजे इथे ज्या चौरसात गणित होतं तो, −१२ ते +१२ आणि दर बाजूला २५६ बिंदू. दोन बिंदूंतलं अंतर ०.०९४ येतं, म्हणजे न फिरणाऱ्या ढगात एका हीलिंग लेंग्थमध्ये दोनच्या वर बिंदू. फिरताना मधली घनता कमी होते, हीलिंग लेंग्थ वाढते (०.९ ला ती ०.३० होते) आणि गाभा अधिक नीट टिपला जातो. १२८ बिंदूंवर मात्र गाभा एकदोन ठिपक्यांचा उरतो. चित्रात भोवरा दिसतो खरा, पण तो ग्रिडच्या चौकोनांत अडकून बसतो आणि जाळी वाकडी होते.

चौकटीचा आकार टप्पा १ मधल्या फुगलेल्या त्रिज्येवरून ठरवा. त्रिज्येच्या बाहेर निदान ३ एककं मोकळी हवीत. आपण वापरणार त्या फूरिये पद्धतीत (तरंगफलाचे एफएफटीने साध्या लाटांत तुकडे करायचे) चौकटीच्या कडा एकमेकींना जोडलेल्या असतात. उजवीकडून बाहेर पडलेला वायू डावीकडून आत येतो, लोकलच्या एका दाराने ढकलून बाहेर काढलेला माणूस दुसऱ्या दाराने पुन्हा आत यावा तसा, आणि आतल्या घनतेत खोटे तरंग उठवतो.

अक्षांचा गोंधळ इथेच मिटवून टाका. नमपायचं मेशग्रिड स्वतःहून पहिला अक्ष वाय धरतं. पहिला अक्ष एक्स हवा असेल तर इंडेक्सिंग 'आयजे' असं स्पष्ट सांगावं लागतं. तरंगसंख्यांचे अ‍ॅरे बनवताना नमपायच्या एफएफटी-फ्रीक या फंक्शनच्या उत्तराला २ पाय ने गुणा. ते गुणायचं राहिलं तर गतिज ऊर्जा सुमारे ४० पट कमी येते.

तपासा: एक्स दिशेला चौकटीत नेमक्या तीन लाटा बसतील असा सपाट तरंग भरा आणि ज्या अक्षाला तुम्ही एक्स म्हणता त्यावर एफएफटी घ्या. फक्त एकाच खणात आकडा यायला हवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण यामुळे माझ्याकडे आलेल्या किती जणांचा आठवडा वाचला असता.

## टप्पा ३: आधी न फिरणारा वायू

इथे घाई नको. पी हळद आणि हो गोरी असं या कामात होत नाही.

पद्धत काल्पनिक काळाची. काळाच्या जागी काल्पनिक काळ ठेवला की वरच्या ऊर्जेच्या अवस्था भराभर विरतात आणि खालची अवस्था उरते. नॉर्म मात्र घटत जातं, म्हणून दर पावलाला ते पुन्हा १ करायचं. काळाचं एक पाऊल ०.००१ चं ठेवा. एका पावलाचे तीन भाग: सापळा आणि आंतरक्रियेचं अर्धं पाऊल, गतिज पदाचं पूर्ण पाऊल फूरिये अवकाशात, आणि मग सापळा आणि आंतरक्रियेचं उरलेलं अर्धं.

सावध: दुसऱ्या अर्ध्या पावलाआधीही नॉर्म १ करून घ्या. तोवर ते सुमारे १ टक्का घटलेलं असतं. न सुधारलेली घनता वापरली तर त्या अर्ध्या पावलात जी ५०० ऐवजी ४९४ च्या जवळ असल्यासारखं गणित होतं. पाऊल ०.००५ असेल तर हीच चूक ६ टक्क्यांवर जाते.

आता या क्रमाने तीन तपासण्या करा:

पहिली, जी शून्य. ऊर्जा १.००० यायला हवी, अर्धी गतिज आणि अर्धी सापळ्याची. इथे ०.९८ आलं तरी पुढे जायचं नाही.

दुसरी, जी ५००. रासायनिक विभव १२.६ च्या जरा वर यायला हवं. गतिज ऊर्जेचा वाटा थॉमस-फर्मी अंदाजात धरलेलाच नसतो, त्यामुळे खरं उत्तर त्याच्या खाली जाऊ शकत नाही.

तिसरी, व्हिरियलची, म्हणजे ऊर्जेच्या तुकड्यांमधल्या समतोलाची. द्विमितीय हार्मोनिक सापळ्यात स्थिर अवस्थेसाठी गतिज ऊर्जा + आंतरक्रियेची ऊर्जा = सापळ्याची ऊर्जा. ढग थोडा ताणला तर कोनीय संवेगाचं पद बदलत नाही, म्हणून हीच ओळ फिरणाऱ्या वायूलाही जशीच्या तशी लागू पडते. या लेखातलं एकच काही फळ्यावर लिहून ठेवायचं असेल तर ही ओळ लिहा.

## टप्पा ४: फिरण्याचं पद, आणि एका चिन्हाचा घोळ

फिरत्या चौकटीत ऊर्जेमधून ओमेगा × कोनीय संवेग वजा होतो. कोनीय संवेगात एक्स हा वाय दिशेच्या संवेगाशी गुणलेला आहे, शिवाय वाय हा एक्स दिशेच्या संवेगाशी गुणलेला आहे. त्यामुळे तो नुसत्या स्थानाच्या अवकाशात सुटसुटीत होत नाही आणि नुसत्या फूरिये अवकाशातही नाही. उपाय असा की गतिज पदाचेच दोन तुकडे करायचे.

१. फक्त एक्स अक्षावर एफएफटी घ्या. इथे गुणक (केएक्सचा वर्ग ÷ २) + ओमेगा × वाय × केएक्स (केएक्स, केवाय म्हणजे त्या त्या दिशेच्या तरंगसंख्या). अर्धं पाऊल टाका आणि उलटी एफएफटी करा.

२. फक्त वाय अक्षावर एफएफटी. गुणक (केवायचा वर्ग ÷ २) − ओमेगा × एक्स × केवाय. पूर्ण पाऊल, मग उलटी एफएफटी.

३. पुन्हा पहिला तुकडा, उरलेलं अर्धं पाऊल.

एकात अधिक, दुसऱ्यात वजा. ही चिन्हं सारखी पडली तर काय होतं ते सविस्तर सांगते, कारण ही चूक फसवी आहे. दोन्ही ठिकाणी वजा पडलं तर ते फिरणं राहतच नाही. तो नुसता एक ताण होतो आणि एक्स गुणिले वाय अशा साध्या फेजमध्ये विरघळून जातो. ढग मात्र नेमका फिरल्यासारखा फुगतो, त्रिज्या टप्पा १ मधल्या आकड्याशी जुळते, व्हिरियलसुद्धा जुळतं, आणि भोवरा एकही येत नाही. विद्यार्थिनीला वाटतं फिरणं चालू आहे, फक्त भोवरे यायला उशीर होतोय. मग ती आणखी दोन रात्री प्रोग्राम चालवते. मीही एकदा पूर्ण चार दिवस असे घालवले आहेत.

ओळखायची खूण सोपी आहे. ढग फुगला आहे, पण सरासरी कोनीय संवेग शून्य आहे. असं दिसलं की दुसरं काही न बघता थेट चिन्हं बघा.

तपासा: प्रोग्राम चालवण्याआधी (एक्स + आय × वाय) गुणिले गॉसियन ही अवस्था हाताने भरा, जी शून्य ठेवा आणि ऊर्जा मोजा. न फिरता २ यायला हवी आणि ओमेगा ०.५ ला १.५. कोनीय संवेग +१.००० यायला हवा. १.५ ऐवजी २.५ आलं तर दोन्ही चिन्हं उलटी आहेत. २ च राहिलं तर चिन्हं सारखी पडली आहेत.

आणखी एक सूचना. ओमेगा १ किंवा त्याच्या पुढे नेऊ नका. तिथे केंद्रोत्सारी परिणाम सापळ्याला पुरता खाऊन टाकतो आणि वायूला बांधून ठेवणारं काहीच उरत नाही. पडद्यावर जे दिसेल ती तुमच्या चौकटीच्या भिंतींची करामत असेल.

## टप्पा ५: सुरुवातीची अवस्था

"भोवरा एकही नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

बहुतेक जण सुरुवातीला गोल गॉसियन भरतात. टप्पा ३ मध्ये ते चाललं होतं, त्यामुळे ओघानेच इथेही भरलं जातं. पण पूर्ण गोल अवस्थेचा कोनीय संवेग शून्य असतो. तिच्यावर फिरण्याचं पद लावलं की उत्तर शून्य येतं, मग ओमेगा ०.१ असो की ०.९. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? काल्पनिक काळ ही अवस्था गोलच ठेवतो. ऊर्जा छान खाली येऊन स्थिर होते आणि न फिरणाऱ्या वायूचंच उत्तर हाती पडतं. खूप वेळ चालवलं की दशांशाच्या चुका साचून कधीतरी चार भोवरे चारी बाजूंनी आत येतात. ते ग्रिडच्या चौकोनी आकारामुळे आलेले असतात, म्हणून त्यांच्यावरही भरवसा ठेवता येत नाही.

डोंबिवलीहून रोज येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला ओमेगा ०.८ आणि ०.० च्या ऊर्जा शेजारीशेजारी दाखवल्या होत्या. सहाव्या दशांशापर्यंत सारख्या. त्याला वाटत होतं, प्रोग्राम फार अचूक आहे. असा सारखेपणा दिसला तर तो धोक्याचा बावटा समजा.

मग थोडा नॉइज, म्हणजे यादृच्छिक खळबळ, मिसळला की झालं? अर्धवट. ओमेगा मोठा असेल, ०.७ च्या पुढे, तर ढगाचा काठ स्वतःच डळमळीत होतो, नॉइज वाढतो, काठाला दातेरी लाटा येतात आणि त्या लाटांमधून भोवरे आत शिरतात. पॅरिसच्या इकोल नॉर्मालमध्ये २००० साली लेझरने वायू ढवळला तेव्हाही भोवरे ०.७ च्या आसपासच आले होते, आणि ०.७ हे चतुर्ध्रुवी (ढग आळीपाळीने दोन दिशांना लांबोळा होतो त्या) कंपनाच्या फिरण्याच्या वेगाशी, म्हणजे १ भागिले २ चं वर्गमूळ याच्याशी जुळतं. पण ओमेगा ०.४ ला भोवरा असणं फायद्याचं असलं (आठवा, सीमा ०.२५) तरी काठाची भिंत ओलांडून तो आत येऊ शकत नाही. किंचित नॉइज तिथे विरून जातो. म्हणून ०.३ ते ०.७ या पट्ट्यात भोवरा आपणच पेरावा लागतो.

मी सांगते त्या तीन कृती:

पहिली, मिश्रण. साधी गोल अवस्था गुणिले (१ − ओमेगा), अधिक एक भोवरा असलेली अवस्था गुणिले ओमेगा. पहिल्यांदा करताना ही सोपी जाते.

दुसरी, माझ्या मते सगळ्यांत भरवशाची. ग्रिडवर यादृच्छिक संमिश्र संख्या भरा, त्यांना सुमारे १ एकक रुंदीचा गॉसियन फिल्टर लावून मऊ करा, मग फुगलेल्या त्रिज्येच्या थॉमस-फर्मी आकाराने गुणा आणि नॉर्म १ करा. या अवस्थेत उजवे-डावे दोन्ही प्रकारचे भोवरे भरपूर असतात. उलटे भोवरे लवकरच सुलट्यांशी भिडून नाहीसे होतात आणि उरलेले आपापली जागा शोधतात. फिल्टर न लावता कच्चा नॉइज भरला तर गतिज ऊर्जा अफाट असते आणि पहिली शंभर पावलं नुसता कचरा निवडण्यात जातात.

तिसरी, शिडी. ०.८ चं उत्तर घेऊन ०.८५ ला सुरुवात करायची. वेळ वाचतो, पण भोवऱ्यांची संख्या मागे रेंगाळते. शिडी चढून आणि उतरून, दोन्हीकडून करा. दोन उत्तरं वेगळी आली तर कमी ऊर्जेचं घ्या.

सावध: यादृच्छिक संख्यांचा सीड (ज्या आकड्यावरून तीच मालिका पुन्हा मिळते तो) लिहून ठेवा. "मागच्या मंगळवारी छान जाळी आली होती" हे प्रकल्पाच्या अहवालात चालत नाही.

## टप्पा ६: चालवणं, आणि थांबायचं कधी

आधी १०० पावलं टाकून घड्याळ लावा आणि एकूण वेळेचा हिशेब करा. जाळी नीट बसायला काल्पनिक काळाची १०० किंवा जास्त एककं लागू शकतात, म्हणजे एक लाख पावलं. सुरुवातीचा टप्पा मोठ्या पावलाने उरकून शेवटी ०.००१ वर या. दर ५००० पावलांनी तरंगफल डिस्कवर साठवा. दादरला गाडी पकडताना लॅपटॉपचं झाकण मिटतं आणि रन तिथेच थांबतो. मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा तापलेला लॅपटॉप स्वतःहून मंदावतो.

थांबण्याची अट इथे फसवते. दोन पावलांमधला ऊर्जेचा फरक १०चा उणे सहावा घात झाला की थांब, असं पुष्कळ जण लिहितात. पाऊल ०.००१ चं असेल तर दर एकक काळाला ऊर्जा अजून हजारांश भागाने उतरतेच आहे. आणि नेमका तेवढाच फरक दोन वेगवेगळ्या जाळ्यांमध्ये असू शकतो. भोवऱ्यांची संख्या ठरल्यावर त्यांची मांडणी बसायला फार वेळ लागतो, कारण एक भोवरा थोडा सरकला तर ऊर्जेत जवळपास काहीच बदलत नाही.

अट अशी ठेवा: ऊर्जेतला फरक भागिले पावलाची लांबी हा १०च्या उणे सहाव्या घाताखाली हवा, आणि शेवटच्या दहा एककांत भोवऱ्यांच्या जागा ग्रिडच्या एका खणापेक्षा जास्त हललेल्या नसाव्यात. दोन्ही अटी एकदम पाळल्या जाव्यात.

एका रनवर समाधान मानू नका. दर ओमेगाला निदान दहा सीड चालवा. त्यांतल्या पाचसहा उत्तरांत एखादा भोवरा कमीजास्त असेल किंवा जाळीत एखादी फट असेल. त्या खऱ्या अवस्था आहेत, पण तळाच्या नाहीत. फिरत्या चौकटीतली ऊर्जा, म्हणजे ओमेगा × कोनीय संवेग वजा केलेली, सगळ्यांत कमी असेल तीच तळाची धरा. न फिरत्या चौकटीतली ऊर्जा ताडून पाहिली तर नेमकं कमी भोवऱ्यांचं उत्तर जिंकतं, ही चूक मी दरवर्षी बघते.

## टप्पा ७: भोवरे मोजणं

डोळ्यांनी मोजू नका. घनतेतलं भोक म्हणजे भोवरा नव्हे. भोवरा तो, ज्याच्याभोवती एक फेरी मारली की फेज २ पायने बदलते.

ग्रिडचा प्रत्येक छोटा चौकोन घ्या. चार कोपऱ्यांवरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरत शेजारच्या दोन कोपऱ्यांच्या फेजमधला फरक काढा, प्रत्येक फरक −पाय ते +पाय मध्ये आणा, आणि मग बेरीज करा. बेरीज ० किंवा ±२ पायच येते. फरक मर्यादेत न आणता बेरीज केली तर ती कायम शून्य येते आणि "भोवरे नाहीत" असा निष्कर्ष निघतो.

आता तीनशे भोवऱ्यांचं कोडं. ढगाच्या बाहेर घनता जवळजवळ शून्य असते, तिथली फेज निरर्थक, आणि त्या ओसाड भागात भोवरेच भोवरे मोजले जातात. ते गाळायला बहुतेक जण म्हणतात, "जिथे घनता ५ टक्क्यांहून कमी, तिथलं मोजू नको." यात दुसरा खड्डा आहे. भोवऱ्याच्या गाभ्यातही घनता शून्यच असते! चाळणी खऱ्या भोवऱ्यांनाही गाळते आणि संख्या शून्यावर येते. चाळणी लावायची ती मऊ केलेल्या घनतेवर, म्हणजे दीडदोन एककं रुंदीचा फिल्टर लावून, किंवा सरळ त्रिज्येवर: फुगलेल्या त्रिज्येच्या ०.९५ पट अंतराच्या आत.

सगळे भोवरे एकाच चिन्हाचे हवेत. ओमेगा धन असेल तर +१. शेवटच्या उत्तरात एखादा −१ उरला असेल तर रन अपुरा आहे. सगळेच −१ आले तर गणित बहुधा बरोबर असतं आणि अक्ष उलटलेले असतात. चित्र काढणारं इमशो पहिल्या अक्षाला उभं धरतं, म्हणून अ‍ॅरे ट्रान्सपोझ करून आणि मूळबिंदू खाली ठेवून मगच काढा. फेजच्या चित्राला 'ट्वायलाइट'सारखी चक्राकार रंगपट्टी वापरा. साध्या रंगपट्टीत −पाय आणि +पाय वेगळ्या रंगाचे दिसतात आणि जिथे काही नाही तिथे भिंत असल्याचा भास होतो. घनतेचं एक चित्र लॉगरिदमिक मोजपट्टीवरही काढा. चौकटीच्या कडेला काही साचलंय का, ते तिथेच उघडं पडतं.

## टप्पा ८: अहवालात घालण्याआधी

चार ताळे, चारही जमले पाहिजेत.

व्हिरियल: दोन्ही बाजू तिसऱ्या-चौथ्या आकड्यापर्यंत जुळाव्यात.

कोनीय संवेग: घट्ट वस्तूसारखं फिरणं झालं असतं तर तो ओमेगा × सरासरी त्रिज्यावर्ग आला असता. भरपूर भोवरे असतील तर तुमचं उत्तर त्याच्या जवळ पण खाली हवं. वर गेलं तर कुठेतरी चूक आहे.

भोवऱ्यांमधलं अंतर: मधल्या भागात जाळी त्रिकोणी असते आणि शेजाऱ्यांमधलं अंतर (३.६३ ÷ ओमेगा) याचं वर्गमूळ. ओमेगा ०.९ ला २.०, म्हणजे आपल्या सापळ्यात सुमारे ३ मायक्रोमीटर. अगदी मधलेच शेजारी मोजा, काठाजवळचे नकोत. चौकोनी जाळी आली तर चौकट लहान आहे का ते आधी बघा. (हीलिंग लेंग्थ इथे अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा कमी येते, रुबिडियमच्या ७८० नॅनोमीटर प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान. म्हणूनच प्रयोगात सापळा सोडून ढग पसरू देतात आणि मग फोटो काढतात. एमआयटीत २००१ साली सोडियमच्या ढगात शंभराहून जास्त भोवरे दिसले ते अशाच पसरलेल्या ढगात. तुमचं चित्र त्या फोटोंशी ताडताना दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे, हे विसरू नका.)

ग्रिड आणि पाऊल: बिंदू ३८४ करून आणि पाऊल निम्मं करून एक रन. ऊर्जा चौथ्या आकड्यानंतरच बदलावी, भोवऱ्यांची संख्या अजिबात नाही.

## टप्पा ९: प्रत्यक्ष काळ, ज्यांना हवा त्यांच्यासाठी

भोवरे आत कसे शिरतात याचा चित्रपट हवा असेल तर टप्पा ४ चीच पावलं खऱ्या काळात टाकायची. तीन गोष्टींची काळजी घ्या.

सापळा किंचित लंबगोल करा, दोन दिशांत काही टक्क्यांचा फरक पुरतो. गोल सापळा काही ढवळत नाही. फिरत्या चौकटीत हा लंबगोल स्थिरच दिसतो, वेगळं फिरवायची गरज नाही.

पावलाची लांबी × (सर्वांत मोठ्या तरंगसंख्येचा वर्ग ÷ २) हा गुणाकार पायच्या खाली ठेवा. आपल्या ग्रिडवर म्हणजे पाऊल ०.००५६ पेक्षा लहान. ०.००१ सुरक्षित आहे. यापुढे गेलं की नॉर्म नीट राहतं आणि तरीही उच्च तरंगसंख्यांमध्ये खोटी वाढ होते.

शुद्ध समीकरणात घर्षण नसतं. भोवरे आत येतात, पण जाळीत बसण्याऐवजी भिरभिरत राहतात. त्यांना शांत करायला काळाच्या पदात ०.०३ सारखा छोटा क्षयगुणांक घालतात. तो घातलात तर नॉर्म घटू लागतं, ते दर पावलाला सांभाळा, आणि अहवालात त्या गुणांकाचा आकडा लिहा. त्याने जाळी किती लवकर बसते हे बदलतं, म्हणून "जाळी इतक्या मिलिसेकंदांत बसली" हे विधान त्या आकड्याशिवाय अपुरं आहे.

मला मदतीसाठी फाइल पाठवणार असाल तर सोबत एवढं द्या: जी, ओमेगा, चौकट, बिंदू, पाऊल, सीड, शेवटची ऊर्जा तिच्या चार तुकड्यांसह (गतिज, सापळ्याची, आंतरक्रियेची, फिरण्याची), कोनीय संवेग, आणि टप्पा ४ मधल्या एका भोवऱ्याच्या तपासणीत आलेला आकडा. तो १.५०० असेल तर आपण थेट टप्पा ५ पासून बोलू.